वाचक विचारतात : गाण्यांच्या फाइली

प्रश्न : शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या सुमारे २०० सीडी दमट हवेत खराब होऊ लागल्या आहेत. सगळ्या ३२० केबीपीएस एमपीथ्रीत उतरवू का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : थेट एमपीथ्री करू नका, आधी फ्लॅक (काहीही न गमावता जागा वाचवणारा फॉरमॅट) करा. सीडीवरचं संगीत मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतं. एमपीथ्री करताना कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा टाकला जातो. फ्लॅकमध्ये काहीच जात नाही, तरी जागा निम्म्याच्या आसपास लागते. तासाभराची सीडी ३०० ते ३६० एमबी, म्हणजे सगळ्या मिळून ६० ते ७२ जीबी. हा संग्रह दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. पुढे हवी तितकी एमपीथ्री त्यातून काढता येईल.

ख्यालाच्या सीडीत आणखी एक अडचण येते. विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक असले तरी तानपुरा मध्ये थांबत नाही. एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता जोडली जाते. प्लेअरने ती कापली नाही तर सूर तुटतो. फ्लॅकमध्ये ही जोडणी होतच नाही.

सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. सीडीवर माहिती गोल रेघेत असते, त्या रेघेच्या दिशेने ओरखडा गेला की सलग माहिती जाते आणि ती चूक ड्राइव्हला सुधारता येत नाही. विंडोजवर ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर सिक्युअर मोडमध्ये (यात वाचन पुन्हा पुन्हा तपासलं जातं) वापरा. अ‍ॅक्युरेटरिपच्या यादीत (इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी तुमची प्रत ताडून पाहणारी ऑनलाइन यादी) तुमची सीडी नसेल, तर ‘टेस्ट अँड कॉपी’ करून दोन्ही वेळचे सीआरसी (पडताळणीचे आकडे) जुळतात का पाहा. फ्लॅकची कॉम्प्रेशन लेव्हल (फाइल किती दाबायची ते) ५ पुरे. ८ ने फाइल जराशी लहान होते, आवाज तोच राहतो.

प्रश्न : पैसे भरून ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी पेनड्राइव्हवर टाकली, गाडीत वाजत नाहीत. फॉरमॅट बदलू का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : उपयोग नाही, कारण ही अडचण डीआरएमची, म्हणजे कुलपाची आहे. त्या फाइली एन्क्रिप्टेड असतात आणि किल्ली तुमच्या खात्याशी बांधलेली असते. म्हणूनच स्पॉटिफायवर डाउनलोड टिकवायला ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. ॲपल म्युझिकच्या अशा फाइलींच्या नावाशेवटी ‘एमफोरपी’ असतं. ते बदलून ‘एमफोरए’ लिहिलं तरी कुलूप तसंच राहतं. कुलूप तोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. हक्कभंगाच्या हेतूने असं केल्यास कॉपीराइट कायद्याच्या ६५-अ कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हे कलम २०१२ च्या दुरुस्तीने आलं.

गाडीत फोन ब्लूटूथने जोडा. पेनड्राइव्हच हवा असेल तर गाणी विकत घ्या: आयट्यून्स स्टोअरने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढलं, तिथे २५६ केबीपीएस एएसी (एमपीथ्रीसारखाच एक फॉरमॅट) मिळतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बऱ्याच गाड्या एक्सफॅट वाचत नाहीत. एमपीथ्रीची मराठी नावं चौकोनांसारखी दिसली तर टॅग (फाइलमध्येच साठवलेली गाण्याची माहिती) आयडीथ्री २.३ या प्रकारात जतन करून पाहा. तरीही चौकोनच दिसले तर त्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही, नावं रोमनमध्ये लिहा.

प्रश्न : १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फ्लॅक केल्या तर आवाज सुधारेल? – एक वाचक, परळ

उत्तर : नाही. गेलेला भाग परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. असे नकली फ्लॅक ओळखायला ‘स्पेक’ या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या कंप्रतांचा आलेख पाहा. १६ किलोहर्ट्झजवळ सरळ रेषेत कापल्यासारखा दिसला तर संशय घ्या. जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणांना मात्र ही कसोटी लावू नका. त्यांत वरच्या कंप्रता मुळातच फारशा नसतात.