एव्हबरी: उभे दगड आणि नसलेले दगड

या अंकात इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या एव्हबरी या लहानशा गावाबद्दल आणि तिथल्या उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही मूळचे मडगावचे, आता स्विंडनला स्थायिक. उन्हाळ्यात आई-बाबा येत आहेत. दोघांनीही साठी ओलांडली आहे, पण चालण्याची सवय आहे. आमच्याकडे गाडी नाही. एव्हबरी एका दिवसात होईल का?

होईल. स्विंडनहून डिव्हायझेसकडे जाणारी ४९ नंबरची बस थेट गावात सोडते. सकाळची बस धरा आणि परतीच्या वेळा निघण्याआधीच बघून ठेवा, विशेषतः रविवारी.

बसमधून उतरलं की समोरच मोठे दगड दिसतात आणि सगळे तिकडेच वळतात. तुम्ही मात्र वर्तुळ शेवटासाठी ठेवा. पाय ताजे असताना आधी लांबचं वेस्ट केनेटचं दफनस्थळ उरकून घ्या. जाऊन-येऊन साधारण साडेपाच किलोमीटर चाल आहे. गावाच्या दक्षिणेच्या मोठ्या वाहनतळाजवळ मुख्य रस्ता ओलांडला की केनेट नदीच्या काठाने पायवाट लागते. ही नदी पावसाळी ओढ्यासारखी आहे, फक्त ऋतू उलटा: हिवाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात बऱ्याचदा कोरडी पडते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत हीच वाट पाण्याखाली जाऊ शकते.

उजव्या हाताला सिल्बरी टेकडी दिसू लागेल. पुढे ए-४ हा रस्ता आडवा येतो. इथे गाड्या भरधाव असतात, तेव्हा आई-बाबांना मध्ये घ्या आणि दोन्ही बाजू मोकळ्या दिसल्याशिवाय पाऊल टाकू नका. पलीकडे शेतातून हलका चढ आहे. फाटकं आपल्यामागे लावत जा, कुरणात जनावरं असतात. जमीन खडूच्या दगडाची आहे. पाऊस पडून गेला की वरचा पांढरा चिखल साबणासारखा निसटतो, म्हणून तळव्याला खाचा असलेले बूट हवेत.

दफनस्थळ म्हणजे सुमारे १०० मीटर लांबीचा मातीचा उंचवटा. इ.स.पू. ३६५०च्या सुमाराचा. पूर्वेच्या टोकाला, तोंडाच्या आड, प्रचंड शिळा उभ्या केलेल्या आहेत. वापर थांबल्यावर तोंड बंद करायला लावलेल्या त्या शिळा. त्यांच्या बाजूने वळसा घालून आत शिरायचं. आत सुमारे १२ मीटरचा बोळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन दालनं आणि टोकाला पाचवं. किमान ३६ माणसांचे अवशेष इथे मिळाले. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मोबाइलचा उजेड लगेच लावू नका, डोळे सरावू द्या. मग दगडांमधल्या फटी लहान चपट्या दगडांनी कशा भरल्या आहेत ते दिसू लागेल. खाली ओल असते, त्यामुळे पाऊल जपून टाका. एक विनंती: आत मेणबत्ती किंवा पणती लावू नका, उदबत्तीही नको. भावना चांगली असली तरी काजळी आणि मेण दगडात मुरतं आणि निघता निघत नाही.

सिल्बरीवर चढता येत नाही. कुंपण आहे आणि त्याचं कारण खरं आहे. ३० मीटरहून उंच अशी ही टेकडी माणसांनी इ.स.पू. २४००च्या आसपास रचली. आत खजिना किंवा राजाचं थडगं असेल म्हणून १७७६ मध्ये वरून विहिरीसारखा खड्डा खणला, १८४९ मध्ये आणि पुन्हा १९६८ पासून बाजूने बोगदे खणले. थडगं मिळालं नाहीच. खणलेलं नीट बुजवलंही गेलं नाही. २००० साली माथ्यावर मोठं भगदाड पडलं, आणि २००७-०८ मध्ये आतल्या पोकळ्या खडूने भरून काढाव्या लागल्या. टेकडी पाहायची तर दफनस्थळाच्या उंचवट्याजवळून. तिथून तिचा आकार पूर्ण नजरेत येतो.

दुपारी गावात परत आलात की जेवून वर्तुळाकडे वळा. वर्तुळाला तिकीट नाही. संग्रहालयाला आहे.

प्रश्न : वर्तुळात दगडांच्या मधे सिमेंटचे बुटके खांब का आहेत? फोटो काढताना सारखे आड येतात. (वाचक, रेडिंग)

ते खांब फोटोत येऊ द्या. नसलेल्या दगडांच्या जागा ते दाखवतात. बाहेरचं वर्तुळ सुमारे ३३० मीटर व्यासाचं आहे आणि त्यात मुळात शंभरेक दगड होते. १४व्या शतकात गावकऱ्यांनी त्यातले काही आडवे करून पुरले. १७व्या-१८व्या शतकात बांधकामासाठी बरेच फोडले. पद्धत अशी: दगड खड्ड्यात पाडायचा, खाली गवत पेटवून तो तापवायचा, मग गार पाणी ओतायचं आणि घणाचे घाव घालायचे. गावातल्या जुन्या भिंती लक्ष देऊन पाहा, हेच दगड तिथे दिसतील.

मुरंब्याच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या घराण्यातल्या अलेक्झांडर कीलर यांनी १९३०च्या दशकात इथे उत्खनन केलं. पुरलेले दगड उकरून मूळ खळग्यांत उभे केले आणि फोडलेल्यांच्या जागी हे खांब बसवले. १९३८ मध्ये एका दगडाखाली एका माणसाचा सांगाडा निघाला. त्याच्याजवळ कात्री, शिरा उघडायचं अवजार आणि १४व्या शतकाच्या सुरुवातीची चांदीची नाणी होती. त्या शिळेला आज न्हाव्याची शिळा म्हणतात.

खांब मोजत चाललात तरच वर्तुळाचा खरा आवाका कळतो. दगडांना हातही लावता येतो. त्यांच्या अंगावर बोट जाईल अशी भोकं आहेत. मूळ वाळू घट्ट होण्याआधी तिच्यात शिरलेल्या झाडांच्या मुळांच्या त्या जागा.

प्रश्न : नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांशी एव्हबरीचा काही संबंध आहे का? (वाचक, नागपूर)

संबंध नाही. तुलना मात्र जरूर करा. जुनापाणीची सुमारे ३०० वर्तुळं लोहयुगातली, म्हणजे एव्हबरीहून दीड-दोन हजार वर्षांनी अलीकडची. ती दफनं आहेत. मृतासोबत लोखंडी अवजारं आणि काळी-तांबडी मडकी ठेवून वर माती-दगडांचा ढीग करायचा आणि कडेने धोंडे लावायचे. एव्हबरीत दगडांखाली अशी दफनं नाहीत. तिथे माणसांनी हरणांच्या शिंगांनी सुमारे ९ मीटर खोल खंदक खणला आणि निघालेल्या खडूचा बांध बाहेरच्या अंगाला रचला. खंदक आत आणि बांध बाहेर, म्हणजे हा काही किल्ला नव्हे. जुनापाणीच्या दगडांवर कोरलेल्या वाटीएवढ्या खळ्या पाहून १९व्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची युरोपातल्या तशाच खुणांशी तुलना केली होती. खुणा सारख्या दिसल्या म्हणून लोक एक होते असं त्यातून सिद्ध होत नाही.

प्रश्न : मोबाइलवरचा नकाशा पुरेल का? (वाचक, ब्रिस्टल)

रस्त्यांसाठी पुरेल, शेतातल्या वाटांसाठी नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर १५७ हा नकाशा घ्या. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. हिरव्या आखूड तुटक रेघा पायवाटेच्या, लांब तुटक रेघा घोडे आणि सायकलींनाही मोकळ्या असलेल्या वाटेच्या. जुन्या धाटणीच्या गॉथिक अक्षरांत लिहिलेली नावं रोमनपूर्व किंवा इतर रोमनेतर अवशेषांची असतात. एव्हबरीभोवती ती इतकी दाट आहेत की एका दिवसात तीन-चारच ठिकाणं निवडावी लागतात.