जावाला निघालेल्या समुपदेशिकेस

प्रिय बेटा,

जावातल्या पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या निवासी मदरशात, मुलींना स्वतःच्या मनाकडे बघायला शिकवायला तू निघालीस, याचा मला फार आनंद आहे. कोकणातल्या शाफई घरात वाढलीस आणि तिथेही धर्मविधींची हीच शाफई परंपरा आहे, तेव्हा तिथली नमाजाची रीत तुला परकी वाटायची नाही. दिनक्रम मात्र अंगावर येईल. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, आधी उठायचं, पाठांतर म्हणून दाखवायचं, मग शाळा, पुन्हा धर्माची किताबं आणि रात्री एका खोलीत दहा-बारा जणी. मोबाइल बहुतेक ठिकाणी बंद. रडायलासुद्धा आडोसा नाही.

मुहासबा, म्हणजे स्वतःच्या वागण्याचा हिशेब घेणं, त्यांना ठाऊक असतो, इस्लामी विद्वान गझालींची शिकवण तिथे मुरलेली आहे. तोच धागा धर. पण तेरा-चौदा वर्षांची पोर दिवसाचा हिशेब मांडायला बसली की नुसत्या चुका मोजते. पाठ अडला, म्हणजे माझं ईमानच, श्रद्धाच कच्ची, असं ठरवून मोकळी होते. तिला आधी एवढंच विचार: पाठ अडला तेव्हा छाती धडधडली का? घसा कोरडा पडला? रात्री झोप किती झाली? घरची आठवण जास्त कधी येते, मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर की आई भेटून गेल्यावर?

तिथे न विचारता दुसरीच्या चपला घालून जायची सर्रास खोड आहे, तिला 'गोसोब' म्हणतात. सुरुवात तिथूनच कर. चप्पल गेली तेव्हा राग आला का, गिळला का, कुणावर काढला? घरच्या दुःखाबद्दल तोंड न उघडणारी मुलगी चपलेबद्दल भरभरून बोलेल. वह्या मात्र लिहायला लावू नकोस, त्या खोलीत वही खासगी राहत नाही.

इंडोनेशियाच्या २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयाच्या दर तिघांपैकी एकाला मानसिक त्रास जाणवला होता. मदत घेणारे अगदी थोडे. त्यामुळे काही गोष्टी तुझ्या कानावर पहिल्यांदाच येतील. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणाली, तर ते गुपित ठेवायचं नाही. तिला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी पुस्केस्मासच्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांकडे ने. आणि थोरल्या मुली मारत असतील, तर त्या पोरीला आत्मभान शिकवत बसू नकोस, मला ते क्रूर वाटतं. मार थांबवणं आधी. न्याईंशी, म्हणजे संस्थाप्रमुखांच्या पत्नीशी, बोल. बोट त्यांच्याच घरातल्या कुणाकडे जात असेल, तर बाहेर तक्रार कर, संस्थेच्या नावाची काळजी तू वाहायची नाहीस.

पोचलीस की कळव.

तुझी,
मावशी