नवं सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्का जोडून केलेलं स्टोरेज) क्लस्टर पिवळं दिसतंय?

अरे, हेल्थ वॉर्न (तोच पिवळा इशारा) दिसलं की लगेच सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नकोस. आधी 'सेफ हेल्थ डिटेल' (ceph health detail) ही कमांड चालव आणि ते काय म्हणतंय ते शांतपणे वाच.

पीजी (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे डेटाचे गट) अंडरसाइज्ड, म्हणजे प्रती कमी पडलेले दिसतायत? मग होस्ट, म्हणजे सर्व्हर मोज. मूळ सेटिंगमध्ये प्रती ३, आणि प्रत्येक प्रत वेगळ्या होस्टवर. तुझे होस्ट दोनच असतील तर तिसरी ठेवणार कुठे? डिस्का कितीही वाढव, फरक पडणार नाही. मॉनिटरच्या (क्लस्टरवर लक्ष ठेवणाऱ्या सेवांच्या) घड्याळांत ०.०५ सेकंदाहून जास्त तफावत झाली तरी इशारा येतो. क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्राम) नीट लाव, विषय संपला.

खरा त्रास देतं ते नेटवर्क. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अख्खी रात्र घालवली. ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम) चालू व्हायचे, पडायचे, पीजी पीअरिंगमध्येच, म्हणजे ओएसडींच्या आपसातल्या जुळवाजुळवीतच अडकलेले. पिंग मात्र व्यवस्थित! (त्या पिंगवर मी फार विसंबलो, चूक माझीच.) पहाटे टपरीवर चहा पिताना डोक्यात आलं: सर्व्हरवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९०००, पण स्विचवर? तिथं १५००च होता. छोटी पाकिटं जायची, मोठी गुपचूप गळायची. म्हणून पिंग करताना 'डू नॉट फ्रॅगमेंट' (पाकीट तोडू नको) लावून साइझ ८९७२ दे. उरलेले २८ बाइट हेडरचे. प्रत्येक होस्टवरून प्रत्येक होस्टला, दोन्ही बाजूंनी.

तेही ठीक निघालं तर फायरवॉल बघ. मॉनिटरला ३३०० आणि ६७८९ लागतात, ओएसडींचे पोर्ट ६८०० पासून पुढे.