आहार-सल्ला: कोंबूचं पाणी आणि थायरॉइडची गोळी

प्रश्न: ताई, मला थायरॉइड कमी असल्यामुळे रोज सकाळी गोळी असते. पुण्याच्या सुनेनं जपानी समुद्री शेवाळाची दोन पाकिटं पाठवलीत. ‘नोरी’ म्हणजे काळपट, कागदासारखे पापुद्रे; ‘कोंबू’ म्हणजे जाड, चिवट पट्ट्या. “आई, यात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात, पट्टी उकळून ते पाणी अनशापोटी घ्या,” म्हणते. परवापासून सुरू केलंय. चालू ठेवू का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: काकू, आधी ते पाणी बंद करा, मग पुढचं वाचा.

सूनबाई चुकीचं बोलत नाही. ओहोटीला उघडं पडून उन्हात वाळायचं आणि भरतीला पुन्हा खाऱ्या पाण्यात बुडायचं, असं जगणारी शेवाळं स्वतःच्या बचावासाठीच ही द्रव्यं बनवतात. कोंबूसारख्या तपकिरी शेवाळात फ्युकोझँथिन हे नारिंगी रंगद्रव्य आणि फ्लोरोटॅनिन असतात. नोरी खरं तर लाल शेवाळ, तिच्यात फायकोएरिथ्रिन असतं. प्रयोगशाळेतल्या नळीत ही सगळी छान काम करतात. माणसाच्या पोटात गेल्यावर तितकंच होतं, याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. आणि सुटं अँटिऑक्सिडंट जास्त घेतलं की जास्त फायदा, हेही खरं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निष्कर्ष आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला.

तुमचा खरा प्रश्न आयोडीनचा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. वाळक्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम, कधी त्याहून जास्तही निघतं. आपल्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅमला साधारण १५ असतं. म्हणजे शंभर ग्रॅम मिठातलं आयोडीन चिमूटभर पट्टीत आलं! उकळलं की यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. पट्टी टाकून पाणी प्यायचं म्हणजे नको तेच नेमकं घ्यायचं. फ्युकोझँथिन तेलात विरघळणारं, ते त्या पाण्यात फारसं येतही नाही. थायरॉइड आधीच कुरकुरत असेल तर एवढं आयोडीन ती ग्रंथी आणखी बिघडवू शकतं. शिवाय गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास साध्या पाण्याखेरीज काही नको, हा नियम आहेच. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना हे पाणी घेतल्याचं नक्की सांगा.

नोरीत आयोडीन पुष्कळ कमी असतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर नातवंडांबरोबर कधीमधी एखादा पापुद्रा खाल्ला तर बिघडत नाही, फक्त खारवलेली नको. आणि ‘हिजिकी’ नावाचं पाकीट कधी आलं तर ते उघडूच नका. त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त सापडतं, ब्रिटनच्या अन्न संस्थेनं ते खाऊ नका असंच सांगितलं आहे.

आता हिशेब असा: नोरीचा एक पापुद्रा जेमतेम तीन ग्रॅम. त्यातून किती अँटिऑक्सिडंट मिळणार? त्यापेक्षा अंबाडी, शेवगा, पोकळा ताटात वाढवा, पाव किलोची भाजी घरात सहज उठते. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याच्या भरितालाही मी कमी लेखणार नाही. वांग्याच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल असतं, तेही अँटिऑक्सिडंटच. (सालीतल्या जांभळ्या रंगाचं कौतुक आपल्या हिरव्या भरिताच्या वांग्याला लागू नाही, आणि साल आपण सोलूनच टाकतो.) तेलाचा हात मात्र जरा आवरा, भरितात आपण खानदेशी लोक तेल ओततो.

प्रश्न: चायना ग्रासही समुद्री शेवाळाचंच असतं म्हणे. मग फालुद्यातून अँटिऑक्सिडंट मिळतात का? आणि ते शाकाहारी आहे ना?
– एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर: शेवाळाचंच, लाल शेवाळातून काढलेलं. पण काढताना धुऊन, गाळून, रंग घालवून जे उरतं तो जवळजवळ नुसता तंतू. शाकाहारी आहे. पाकिटावर ‘अगर’ असेल तर घ्या. ‘जिलेटिन’ असेल तर ते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून बनतं. फालुद्यातली साखर मात्र पूर्ण मिळते.