वाचनालयातील संगणक आणि वाचकांची माहिती

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात भरतीचे अर्ज भरणारी मुले आपला ईमेल उघडाच ठेवून जातात. काय करावे? – एक ग्रंथपाल

उत्तर : मुलांना दोष देऊ नका, शेवटची एसटी गाठायच्या घाईत लॉगआउट राहून जाते. वाचकांसाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते उघडून प्रशासकाचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवावा आणि क्रोम ब्राउझर गेस्ट मोडमध्येच (म्हणजे पाहुण्यासाठीच्या तात्पुरत्या खिडकीत) उघडेल अशी सोय करावी, म्हणजे त्याच्या सर्व खिडक्या बंद होताच लॉगिन पुसले जाते. मात्र डाउनलोड केलेली आधारची प्रत फोल्डरमध्ये तशीच राहते, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. म्हणून रोज कुलूप लावण्यापूर्वी तो फोल्डर व रिसायकल बिन आठवणीने रिकामे करावे. विंडोज १० चे नियमित पाठबळ, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, तेव्हा संगणकावरील विंडोजची आवृत्तीही तपासावी.