चोरबाजारात घेतलेला राणीछाप रुपया खोटा निघाला, ठेवावा का?

ठेवा, पण आधी तो कधीचा खोटा आहे ते बघा. व्हिक्टोरिया राणीच्या काळीच बाजारात खपवायला पाडलेला असेल तर संग्राहक आवडीने घेतात. हल्ली आपल्यासारख्यांना टोपी घालायला बनवलेला असेल तर पेपरवेट म्हणून वापरा.

खऱ्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी जवळपास ९२ टक्के. माझ्याकडच्या जुन्या खोट्यात राणीच्या गालावरचा मुलामा झिजून तांबं डोकावतंय, कडेला साच्याचा सांधा नखाला लागतो. वाजवला की बद्द! हाताळून आलेली झीज अशी उंचवट्यांवरच असते. नव्या नकलेला चढवलेला काळपटपणा सगळीकडे सारखा दिसतो. छिन्नीची खाच असेल तर सोन्याहून पिवळं, कारण आतला धातू बघायला सराफ ती मारत. (मला तर असेच जास्त आवडतात.)

१९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा नकलांना आळा बसावा म्हणून कडेची घडणही बदलली.

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर पुन्हा गेलात तर खिशात छोटा वजनकाटा ठेवा. आणि हा विकायचा झालाच, तर खोटा म्हणूनच विका.