कैसर की सीझर?

प्रश्न असा आला आहे: ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या’ या बायबलमधल्या वाक्यातला कैसर म्हणजे सीझरच ना? मग ‘सीझर’ असं दुरुस्त करून लिहावं का? आणि ‘धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा’ या अर्थी हे वाक्य वापरलं तर चालेल का?

दुरुस्त काय करायचं? जे दुरुस्त आहे ते? हल्ली अग्रलेखांतही ‘सीझरचे सीझरला’ वाचायला मिळतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, आपण मिशनऱ्यांची जुनी चूक सुधारली. अभिजात लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ आणि ‘एई’ या जोडीचा ‘ऐ’ होत असे. म्हणजे खुद्द ज्युलिअस स्वतःला ‘कैसर’च म्हणवत होता. ग्रीक नव्या करारातही ‘कैसार’ आहे. ‘सीझर’ हा इंग्रजांचा उच्चार. नाटकातल्या ज्युलिअसला तो खुशाल ठेवा, रूढ झाला आहे. बायबलमध्ये कैसरच. तिथे तो शब्द पदनाम आहे, म्हणून सम्राटाला, सुभेदाराला तसं कैसराला, कैसराचे, ‘कैसरला’ नाही. जर्मन बादशहाला कायझर म्हणावं, म्हणजे घोळ होत नाही. रशियाचा त्सार याच कुळातला.

मूळ शब्द कुठून आला? प्राचीन रोमनांनीच चार उत्तरं देऊन ठेवली आहेत: हत्तीला म्हणे उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांत तसा शब्द होता, कुणी आईचं पोट कापून जन्मला, कुणाचं जावळ दाट होतं, कुणाचे डोळे घारे होते. चार उत्तरं असली की एकही खात्रीचं नसतं. जावळावरून आपला ‘केसरी’ गाठणाऱ्यांनी दम धरावा.

खरी गंमत पुढेच आहे. हा शब्द भारतात इंग्रजांनी आणला असं सगळे समजतात. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया ‘कैसर-इ-हिंद’ झाली, ते फारसी-अरबी वाटेने आलेलं रूप. १९०० साली त्या नावाचं पदक निघालं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करणाऱ्या पंडिता रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळालं; कैसराने देवाच्या माणसाला काय द्यावं, हा प्रश्न त्या वचनात नाही, पण पडतो खरा. मात्र या सगळ्याच्या कितीतरी शतकं आधी कैसर अटकेला पोचला होता!

अटकेजवळ आरा इथे एका विहिरीत खरोष्ठी लिपीतला शिलालेख सापडला. तो विहीर खोदल्याचाच लेख आहे, साल ४१ (कनिष्काच्या नावाच्या कालगणनेतलं, इसवी नव्हे). त्यात राजाच्या पदव्या आहेत: महाराज, राजातिराज, देवपुत्र, कैसर, नाव कनिष्क, कुषाण घराण्यातला, वझेष्काचा मुलगा. (थोरला कनिष्क की दुसरा कुणी, हा वाद इतिहासकारांचा.) ‘कैसर’ हे वाचन जर्मन संस्कृतपंडित ल्यूडर्स यांचं. अक्षरं झिजलेली म्हणून काहींनी त्यावर शंका घेतली. मला मात्र ल्यूडर्स यांचंच वाचन पटतं.

महाराज भारतीय, राजातिराज इराणी, कैसर रोमन, हे सर्वमान्य. ‘देवपुत्र’ मात्र चिनी ‘स्वर्गपुत्र’ या पदवीचं भाषांतर, असं पंडित सांगतात आणि पुढचे लेखक विचार न करता उतरवून घेतात. चारही पदव्या चार दिशांकडून आल्याच पाहिजेत, असा या मांडणीचा हट्ट आहे. माझं मत वेगळं. कुषाणांच्या हाती चिनी फर्मानं किती होती कोण जाणे. रोमन नाणी मात्र नक्की होती. आरंभीचा कुषाण राजा कुजुल कदफिसेस याच्या तांब्याच्या नाण्यांवर चक्क रोमन सम्राटाच्या वळणाचं डोकं आहे. आणि ‘दिनार’ हा शब्दही ‘देनारिअस’ या रोमन नाण्यावरून ग्रीकमार्गे संस्कृतात आला. आता त्या देनारिअसवर काय लिहिलेलं असे? येशूच्या काळचा सम्राट तिबेरिअस याच्या नाण्यावर: ‘तिबेरिअस कैसर, दैवी ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस’. कैसर आणि देवाचा पुत्र एकाच ओळीत! आरा लेखातही दोन्ही शेजारी शेजारी. निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

आता मूळ प्रसंगाकडे. कैसराला कर द्यावा का, असं विचारून काहीजण येशूला पेचात पकडू पाहत होते. त्याने नाणं मागितलं, त्यावर प्रतिमा कुणाची असं विचारलं, ‘कैसराची’ असं उत्तर आलं, तेव्हा तो हे वाक्य बोलला. येशूला दाखवलेलं ते नाणं बहुतेक नाणेतज्ज्ञांच्या मते तिबेरिअसचं हेच. सुमारे पावणेचार ग्रॅम चांदी, मजुराची एका दिवसाची मजुरी. मागच्या बाजूला ‘पाँटिफ. मॅक्सिम.’, म्हणजे महायाजक. धर्म आणि राजकारण त्या नाण्यावरच एकमेकांत मुरलेलं होतं, तेव्हा ‘वेगळं ठेवा’ हा अर्थ काढायला जागा कुठे आहे? शिवाय नाणं येशूजवळ नव्हतं, ते विचारणाऱ्यांनी आणून दिलं. कैसराचा मुखवटा बाळगायचा, त्यावर व्यवहार चालवायचा आणि कर द्यायची वेळ आली की धर्म आठवायचा, ही मेख त्याने उघडी पाडली. क्रियापदंही बघा. त्यांनी विचारलं, कर ‘देणं’ योग्य का. त्याचं ग्रीक उत्तर आहे ‘परत द्या’. मराठीतलं ‘भरून द्या’ म्हणून नेमकं बसतं. नुसतं ‘द्या’ म्हणणाऱ्यांनी धार घालवली.

तेर्तुल्यान या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने याचा अर्थ लावला: नाण्यावर प्रतिमा कैसराची, म्हणून नाणं त्याचं, माणसावर प्रतिमा देवाची, म्हणून माणूस देवाचा. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या ग्रीक भाषांतरात आणि या नाण्याच्या प्रसंगात ‘प्रतिमा’ या अर्थाचा शब्द एकच आहे. म्हणजे वाटणी निम्मी-निम्मी नव्हेच. कैसराच्या वाट्याला चांदी येते, बस्स. ऐकणाऱ्यांनाही ते सरळ राजनिष्ठेचं वाक्य वाटलं नसावं. लूकच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात येशूवर आरोप आहे तो कैसराला कर देण्याची मनाई केल्याचा, आणि योहानाच्या १९ व्या अध्यायात ‘कैसरावाचून आम्हाला राजा नाही’ असं ओरडतात ते मुख्य याजक.

तेव्हा ‘ज्याचं त्याला’ एवढ्याच अर्थी म्हणीसारखं वापरायचं तर वापरा. पुढाऱ्यांच्या भाषणांत, चर्चने गप्प बसावं म्हणून हे वचन फेकलं जातं, तो वापर मात्र चूक आहे.